मनगटाच्या कातडीतून घडते नवी जीभ

जळगाव/धुळे : 'जळगाव' हा शब्द सावकाश उच्चारून पाहिला, तर जिभेचा जवळजवळ सगळा कारभार ध्यानात येतो. 'ज' म्हणताना जिभेचा पुढचा भाग वरच्या दातांमागील हिरडीला टेकतो. 'ळ' म्हणताना टोक मागे वळून टाळूला लागते. 'ग' येताच टोक खाली बसते आणि जिभेची मागची बाजू मऊ टाळूपर्यंत उचलली जाते. शेवटचा 'व' तेवढा ओठ आणि दातांवर भागतो. 'धुळे' हा शब्द त्याहून अवघड, कारण त्यातली दोन्ही व्यंजने जिभेशिवाय निघतच नाहीत. कर्करोगामुळे जीभ गमावलेल्या खानदेशी माणसाच्या तोंडून स्वतःच्या जिल्ह्याचे नावही धड निघत नाही, ते यामुळे.

शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकलेले कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य हे वर्ग म्हणजे जीभ कोठे टेकते याचा नकाशाच आहे. पाच वर्गांपैकी एकटा 'प' वर्ग जिभेवाचून उच्चारता येतो. बाकीचे चार वर्ग आणि त्यांच्या जोडीला य, र, ल, श, स, ळ ही सारी जिभेची मिरासदारी. स्वरांमधला फरकही जीभ वर-खाली, पुढे-मागे होण्यानेच पडतो. तरीही बोलणे हे जिभेचे दुय्यम काम आहे. घास दाढांखाली ढकलणे, चावलेल्या अन्नाचा गोळा करून तो घशाकडे लोटणे आणि हे करताना श्वासनलिकेत काही जाऊ न देणे, हे तिचे पहिले काम. जीभ गेली की बोलणे जाते हे सर्वांना ठाऊक असते. घोटभर पाणीही अशा माणसाच्या फुप्फुसात उतरू शकते, हे मात्र नातेवाइकांना बहुधा शस्त्रक्रियेनंतरच कळते.

एवढ्या कामाचा अवयव काढून टाकावा लागला, तर त्या जागी काय बसवायचे? या प्रश्नाची दोन उत्तरे वैद्यकाने शोधली आहेत. एक आहे दुसऱ्याची जीभ बसवण्याचे, दुसरे रुग्णाच्याच शरीरातून जीभ घडवण्याचे. बातम्यांत गाजले ते पहिले. रुग्णांच्या उपयोगी पडते ते दुसरे.

व्हिएन्नातील चौदा तास

मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे प्रत्यारोपण आता वाचकांना नवे राहिलेले नाही. मग मृत दात्याची जीभ बसवता येणार नाही का, असे रुग्णाच्या घरच्यांना वाटणे साहजिक आहे. ती बसवता येते. १९ जुलै २००३ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील जनरल हॉस्पिटलमध्ये ४२ वर्षांच्या एका पुरुषावर ही शस्त्रक्रिया झाली. त्याच्या जिभेला आणि जबड्याला कर्करोगाने ग्रासले होते. डॉ. रॉल्फ एव्हर्स यांच्या पथकाने चौदा तास खपून रोगट जीभ काढली आणि मेंदूमृत दात्याची जीभ तिच्या जागी बसवून रक्तवाहिन्या व मज्जातंतू जोडले. माणसाच्या जिभेचे हे पहिले प्रत्यारोपण म्हणून जगभर त्याची बातमी झाली.

पुढे काय झाले, त्याला मात्र तेवढी जागा मिळाली नाही. नवी जीभ तोंडात जगली, परंतु सुमारे वर्षभराने कर्करोग पुन्हा उलटला आणि रुग्ण दगावला. त्यात शल्यचिकित्सकांच्या हाताचा दोष नव्हता. अडचण या उपचाराच्या मुळातच होती.

दुसऱ्याचा अवयव शरीर परका मानते आणि त्याच्यावर चालून जाते. ते होऊ नये म्हणून रुग्णाला टॅक्रोलिमससारखी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. ही औषधे शरीराच्या प्रतिकारशक्तीला लगाम घालतात. पण जी फौज परक्या जिभेवर तुटून पडते, तीच फौज शरीरात कोठेतरी दडून राहिलेल्या कर्कपेशींवरही नजर ठेवून असते. तिला पहिल्या कामापासून रोखले की दुसरेही काम थंडावते. कर्करोगातून उठलेल्या रुग्णाला मूत्रपिंड बसवायचे असले, तरी एरवी काही वर्षे थांबायला सांगितले जाते, ते याच कारणाने. जीभ गमावणारे बहुतेक सारे कर्करोगाचेच रुग्ण असतात. म्हणजे ज्यांना परक्या जिभेची गरज, त्यांनाच ती सर्वांत धोक्याची.

त्यामुळे व्हिएन्नानंतर जिभेचे प्रत्यारोपण झाले ते बहुतांशी चेहऱ्याच्या मोठ्या प्रत्यारोपणाचा एक भाग म्हणून. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे ऑगस्ट २००९ मध्ये डॉ. पेद्रो कावादास यांनी एका रुग्णाला चेहऱ्याचा खालचा भाग, जबडा आणि जीभ एकत्र बसवली. जुन्या कर्करोगावरील किरणोपचारांनी त्याचा जबडा गेला होता. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात मार्च २०१२ मध्ये ३६ तास चाललेल्या शस्त्रक्रियेत दोन्ही जबडे, दात आणि जिभेचा भाग चेहऱ्यासह बसवण्यात आला. हा रुग्ण बंदुकीच्या गोळीने जखमी झालेला होता, कर्करोगाचा त्याच्याशी संबंध नव्हता. भारतातही दात्याचे हात बसवण्याच्या शस्त्रक्रिया कोची येथे २०१५ मध्ये आणि मुंबईत २०२० मध्ये झाल्या आहेत. तेव्हा परके स्नायू, कातडी आणि मज्जातंतू जोडण्याचे कसब देशात नाही असे नाही. प्रश्न कसबाचा नाही.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. जोडलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुढे वाढतो. जिभेत चार आतल्या आणि चार बाहेरून येणाऱ्या स्नायूंच्या जोड्या आहेत. त्यांपैकी बहुतेक सगळ्यांना एकच मज्जातंतू हलवतो. तो कापून पुन्हा जोडला, तर त्यातला प्रत्येक धागा नेमक्या आपल्या स्नायूपर्यंत पोहोचेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. 'र' आणि 'ल' यांतला फरक करणाऱ्या जिभेला ही एवढी चूकही पुरेशी असते.

पुण्याच्या कुंभाराने शिकवलेला धडा

आता स्वतःच्याच शरीरातून जीभ घडवण्याचा मार्ग. त्यामागचे तत्त्व समजून घ्यायचे तर पेशवाईच्या अखेरीस पुण्यात जावे लागते. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचे नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापले गेले होते. पुण्यात कुंभार जातीच्या एका कारागीर वैद्याने त्याच्या कपाळावरची कातडी सोडवून, ती खाली वळवून नवे नाक तयार केले. त्याची सचित्र हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि ती वाचून इंग्रज शल्यविशारदांनी ही कला उचलली. सुश्रुतसंहितेतील नासासंधानाशी नाते सांगणारी ही विद्या प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक इतिहासात आदराने सांगितली जाते.

त्या वैद्याने कपाळावरची कातडी पूर्ण कापली नव्हती. भुवयांच्या मधोमध एक देठ शाबूत ठेवला होता. देठातून रक्त येत राहिले म्हणून कातडी जगली. आजच्या शस्त्रक्रियेतही सगळी मदार या देठावरच असते. रक्त पोहोचले तर ऊती जगतात, नाहीतर दोन-तीन दिवसांत काळ्या पडतात.

जिभेसाठी छातीवरचा स्नायू आणि त्यावरची कातडी अशाच देठासह गळ्याच्या कातडीखालून तोंडात नेता येते. अमेरिकेतील डॉ. स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली आणि पाहता पाहता ती भारतभर रुळली. तिला सूक्ष्मदर्शक लागत नाही, वेळ कमी लागतो, आणि अतिशय सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्यासाठी प्रशिक्षित असा वेगळा सर्जन नसला तरी भागते. मर्यादित साधनांच्या रुग्णालयांनी या छातीच्या फ्लॅपवर हजारो रुग्णांची तोंडे सांधली आहेत. 'जुनाट पद्धत' म्हणून तिला नाक मुरडण्यात अर्थ नाही. तिच्या उणिवा मात्र आहेत. हा तुकडा जाड आणि जड असतो, काळाने खाली ओघळतो, आणि पुरुषांच्या छातीवरचे केस तोंडात उगवू शकतात. पुढे किरणोपचार झाले तर ते बहुधा गळून जातात.

दुसरी पद्धत देठ कापून दुसरीकडे जोडण्याची. चिनी शल्यचिकित्सकांनी १९८१ मध्ये मनगटाजवळच्या कातडीचा उपयोग जगापुढे मांडला, म्हणून डॉक्टर मंडळी अजूनही त्याला 'चायनीज फ्लॅप' म्हणतात. नाडी पाहताना वैद्य ज्या धमनीवर बोट ठेवतो, त्याच धमनीवर ही कातडी पोसली जाते. ती पातळ, मऊ आणि सहज दुमडणारी असते. अर्धी जीभ काढली असेल, तर तिच्याइतकी सोयीची कातडी शरीरात दुसरी नाही असे मानले जाते. मांडीच्या पुढच्या बाहेरील भागाची कातडी चीनमधूनच १९८४ मध्ये पुढे आली. ती जाड असल्याने मोठी पोकळी भरायला उपयोगी पडते. संपूर्ण जीभ काढावी लागली, तर बहुधा मांडीचा किंवा छातीचा पर्याय निवडतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काय घडते

मनगटाची धमनी काढून घ्यायची, तर हाताला रक्त कसे पुरणार? तळहाताला करंगळीच्या बाजूनेही एक धमनी रक्त पुरवते. ती पुरेशी आहे की नाही, याची परीक्षा अगदी साधी आहे. रुग्णाला मूठ घट्ट आवळायला सांगून डॉक्टर मनगटावरच्या दोन्ही धमन्या दाबून धरतात. मूठ उघडली की तळहात पांढरा फटक दिसतो. मग फक्त करंगळीकडची धमनी मोकळी करतात. काही सेकंदांत तळहात पुन्हा लाल झाला, तर अंगठ्याकडची धमनी काढता येते. उजवखोऱ्या माणसाचा बहुधा डावा हात निवडला जातो आणि त्या हाताला सलाईन लावू नये की रक्त घेऊ नये, अशी ताकीद वॉर्डात दिली जाते.

शस्त्रक्रिया सुरू झाली की दोन पथके एकाच वेळी कामाला लागतात. एक पथक गाठीच्या भोवती साधारण एक सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन जीभ कापते आणि मानेतील गाठी काढते. दुसरे पथक हातावरची कातडी तिच्या धमनी-शिरांसह सोडवते. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली ती धमनी मानेतील धमनीला आणि शीर शिरेला जोडतात. या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या असतात आणि टाके घालण्याचा धागा केसाहून बारीक असतो. हातावरची जखम मांडीच्या पातळ कातडीने झाकतात. काही दिवस श्वासासाठी गळ्याला छिद्र आणि अन्नासाठी नाकातून नळी असते. ती पाहून नातेवाईक हबकतात. बहुतेक रुग्णांत दोन्ही तात्पुरत्या असतात.

पहिले दोन-तीन दिवस खरी कसोटी. परिचारिका ठरावीक वेळाने, अगदी रात्रीसुद्धा, बॅटरी घेऊन तोंडातला तुकडा पाहते. तो पांढरा पडला तर धमनी बंद झाली असावी. निळसर झाला तर शीर तुंबली. दोन्ही प्रसंगी रुग्णाला काही तासांच्या आत पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. अनुभवी केंद्रांत शंभरातील पंचाण्णवांहून अधिक तुकडे जगतात. हा आकडा सर्जनच्या बोटांइतकाच त्या रात्रपाळीच्या परिचारिकेच्या नजरेचाही आहे.

एवढे सारे झाल्यावर तोंडात जे येते, त्याला 'नवी जीभ' म्हणण्याची पद्धत पडली असली तरी तो शब्द काहीसा फसवा आहे. बसवलेली कातडी आपणहून हलत नाही. तिला चव कळत नाही. हातावरचा मज्जातंतू तोंडातल्या मज्जातंतूला जोडला, तर स्पर्शाची जाणीव काही प्रमाणात येऊ शकते, एवढेच. ती पोकळी भरते, उरलेल्या जिभेला जबड्याशी चिकटू देत नाही आणि तिला हलायला मोकळीक देते. हलते ती उरलेली जीभच. म्हणून नंतर माणूस किती स्पष्ट बोलेल हे काय बसवले यापेक्षा काय उरले यावर अधिक अवलंबून असते. अर्धी जीभ आणि तिची मुळाकडची बाजू शाबूत असलेला रुग्ण काही महिन्यांनी घरच्यांना समजेल असे बोलू लागतो, मऊ भात खातो. पूर्ण जीभ गेलेल्याची गोष्ट वेगळी असते. काहींना वारंवार ठसका लागून न्यूमोनिया होतो, काहींना पोटातल्या नळीवर राहावे लागते, तर क्वचित श्वासनलिकेच्या बचावासाठी स्वरयंत्रही काढावे लागते.

'तोंड आलंय' म्हणता म्हणता

काय उरेल हे ठरवणारी वेळ शस्त्रक्रियागृहात येते, त्याच्या कितीतरी आधी घरात येऊन गेलेली असते. जिभेच्या कडेला छाला दिसतो. 'तोंड आलंय, उष्णता झाली' असे म्हणून गुलकंद, सब्जा, मेडिकलमधल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या असे उपाय होतात. साधे तोंड आलेले असेल तर आठ-पंधरा दिवसांत बरे होते. दोन-तीन आठवड्यांनंतरही न भरणारी जखम, तिची कडक लागणारी कड, लाल किंवा पांढरा चट्टा, जीभ बाहेर काढताना एका बाजूला ओढली जाणे किंवा मानेत गाठ येणे ही लक्षणे डॉक्टरांना दाखवलीच पाहिजेत. एक लक्षण तर हमखास चकवते. जिभेच्या दुखण्याची कळ कानात जाते, कारण दोन्ही ठिकाणच्या संवेदना वाहणारे मज्जातंतू एकाच शाखेचे आहेत. रुग्ण कान दुखतो म्हणून कानात थेंब घालत राहतो आणि कान ठणठणीत असतो.

टोकदार दात लागून जखम झाली असे वाटत असेल, तर दात घासून घ्यावा. त्यानंतरही ती भरली नाही, तर तुकडा काढून तपासायला द्यावा. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' हा समज खेड्यातच नव्हे, शहरातल्या शिकलेल्या घरांतही ऐकू येतो. त्याला आधार नाही. तपासणीला लावलेला उशीर मात्र खरोखर पसरवतो. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अनेक वर्षांपासून आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तोंड तपासण्यासाठी आणि तुकडा काढण्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही.

सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांची आणखी एक तक्रार असते, तोंड पुरते उघडत नाही. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवले आहे. स्वतःची तीन बोटे उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का, हे कोणालाही आरशासमोर पाहता येते. जात नसतील तर तोंड आवळू लागले आहे असे समजावे. अशा रुग्णाला पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, तर भूल देण्यापासूनच अडचणींना सुरुवात होते.

राज्याने १ ऑगस्ट २००२ रोजी गुटख्यावर बंदी घातली होती. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. २००९-१० मध्ये हे प्रमाण २७.६ टक्के होते. घसरण आहे, पण बंदीच्या गाजावाजाच्या मानाने थोडी. यात चुना लावून मळलेली तंबाखू आहे आणि दात घासायची मिश्रीही आहे, जी बायका व्यसन मानतच नाहीत. राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे फेब्रुवारी २०१५ मध्ये मुखकर्करोगाने निधन झाले, तेव्हा काही दिवस या विषयाची खूप चर्चा झाली होती.

मानेचा प्रश्न परळमध्ये सुटला

जिभेची गाठ लहान असताना सापडली तरी एक प्रश्न जगभरच्या डॉक्टरांना अनेक वर्षे छळत होता. मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर मानेची शस्त्रक्रिया जिभेसोबतच करायची की गाठ दिसेपर्यंत थांबायचे? थांबल्याने अनेकांची मोठी शस्त्रक्रिया टळते, हे एका बाजूचे म्हणणे. जिभेचा कर्करोग मानेत लपून उतरतो, हे दुसऱ्या बाजूचे. याचा निकाल मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात लागला. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली २००४ ते २०१४ या काळात चाललेल्या अभ्यासातील ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतले बहुतेक रुग्ण जिभेच्या कर्करोगाचे होते. मानेची शस्त्रक्रिया सुरुवातीलाच झालेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. दर आठ रुग्णांमागे एक जीव अधिक वाचला.

खानदेशच्या दृष्टीने या निष्कर्षाला वेगळे वजन आहे. वाट पाहण्याची पद्धत चालायची असेल, तर रुग्णाने दर महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला यायला हवे. चोपडा, शिरपूर किंवा साक्री तालुक्यातल्या शेतमजुराला पेरणी-कापणी सोडून ते जमणे कठीण. 'जिभेचे आधी उरकू, मानेचे मागाहून पाहू' असे कोणी सुचवले, तर त्याचे कारण विचारून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे.

खर्चाचा विचार टळत नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होते. जळगावकरांना त्यासाठी पुढच्या टप्प्याची वाट पाहावी लागली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांचा तिच्यात समावेश आहे. गाठ काढणे योजनेत बसते, पण जीभ पुन्हा घडवण्याचा भागही त्याच मंजुरीत धरला आहे का, हे दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून विचारून घ्यावे. मुंबईखेरीज छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जळगावकरांना अजिंठामार्गे जवळ पडते. मुंबईत मुक्कामाची सोय म्हणून दादरची संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कर्करोग रुग्णांच्या कुटुंबांना परिचित आहे.

पुन्हा बोलण्याचा सराव

टाके निघाले आणि किरणोपचारांचा साधारण सहा आठवड्यांचा फेरा संपला की घरच्यांना वाटते, झाले. खरे तर गिळण्याचा आणि बोलण्याचा सराव तेव्हा कुठे रंगात यायचा असतो. गिळताना श्वास रोखून धरायचा, घास गिळायचा, लगेच खोकायचे आणि मगच श्वास घ्यायचा, असा क्रम रुग्णाला शिकवतात. यामुळे श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकलेले कण बाहेर पडतात. सुरुवात पातळ पाण्यापेक्षा दाटसर पदार्थांनी करणे बहुधा सोपे जाते. कुस्करलेले केळे हा जळगावच्या घरात सदैव हाताशी असलेला पदार्थ इथे फार उपयोगी पडतो. भरीत मऊ असले तरी त्यातल्या हिरव्या मिरचीने किरणोपचारांनी सोलवटलेले तोंड पेटून उठते. ठेच्याचे नाव तर कित्येक महिने काढायला नको.

नवी जीभ टाळूपर्यंत पोहोचत नसेल, तर टाळूच जिभेकडे खाली आणता येतो. दंतवैद्य वरच्या कवळीसारखी एक कवळी बनवतात आणि तिचा टाळूचा भाग जाड ठेवतात. कमी हलणारी जीभही मग तिला टेकते, 'ट'-'ड' थोडे उमटू लागतात आणि घास मागे ढकलणे सोपे होते. शस्त्रक्रियेच्या मानाने हा उपाय अगदी स्वस्त आहे, पण तो असतो हे पुष्कळ रुग्णांना कोणी सांगितलेलेच नसते.

बोलण्याच्या सरावाबाबत खानदेशची एक गंमत आहे. लेवा बोलीत आणि अहिराणीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. डोळा 'डोया' होतो, जळगाव 'जयगाव'. प्रमाण मराठीतल्या 'ळ'साठी जिभेचे टोक मागे वळवावे लागते आणि टोक गमावलेल्या रुग्णाला तेच जमत नाही. 'य'साठी जिभेचा मधला भाग किंचित वर आला की पुरते. यावल किंवा अमळनेरच्या रुग्णाला पुस्तकी शब्दांची यादी देऊन 'ळ' येत नाही म्हणून नापास करण्यापेक्षा तो घरी जी बोली बोलतो, तिच्यातले शब्द सरावाला घेणे शहाणपणाचे. सराव घरच्यांनाही करावा लागतो. समोर बसून, ओठांकडे पाहत ऐकले तर निम्मे कळते. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून सुरुवातीला फोनवरचे बोलणे सर्वांत अवघड जाते आणि रुग्ण फोन घेणेच टाळू लागतो.

रोग उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणीला जावे लागते, आणि जळगाव ते मुंबई हा प्रवास रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटरचा आहे. उपचार किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर वातानुकूलित डब्यात पूर्ण, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के भाडेसवलत आहे. त्यासाठीच्या प्रमाणपत्राचा नमुना ठरलेला असून त्यावर उपचार करणाऱ्या रुग्णालयाची सही-शिक्का लागतो. रुग्णालयातून घरी निघतानाच तो भरून घेतला, तर पुढच्या खेपेचे तिकीट जळगावच्या आरक्षण खिडकीवर काढता येते.